सड्याखालचं पाणी

माळंगे गावात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडायचा आणि तरीही मार्च लागला की गावातल्या निम्म्या घरांना कुलपं लागायची. कोणी चिपळूणला लेकीकडे जायचं, कोणी बदलापूरला भावाकडे. सुना मुलांना घेऊन माहेरी जायच्या त्या जूनमध्येच परतायच्या. लग्न जमवताना मुलीकडचे लोक नोकरीच्याही आधी विहिरीबद्दल विचारायचे.

गाव सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर वसलेलं. जांभा हा भोकाभोकांचा दगड. पावसाचं पाणी तो पितो भरपूर, पण धरून ठेवत नाही. दिवाळीला काठोकाठ असलेल्या विहिरी शिमग्याला तळ दाखवायच्या. हे पाणी जातं कुठे, हे शोधून काढायचं काम २०४१ साली ग्रामपंचायतीने हेमांगी तांडेलला दिलं.

हेमांगी चौतीस वर्षांची भूजलतज्ज्ञ. रत्नागिरीत चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिची आणि यासीन परकारची छोटी संस्था होती. गावं, बागायतदार, कारखाने यांना पाण्याबद्दल सल्ला द्यायचा आणि त्यासाठी लागणारं संशोधन स्वतः करायचं, असं त्यांचं काम. हेमांगी दगड ओळखायची, यासीन यंत्रं बांधायचा. त्याने तीन वर्षं खपून बांधलेल्या यंत्राचं नाव होतं जलतुला.

जलतुला दुधाच्या मोठ्या कॅनएवढी होती. आत एक नळी, जिच्यातली सगळी हवा काढून टाकलेली. त्या नळीत रुबिडियमचे काही लाख अणू लेसरच्या किरणांनी इतके थंड करायचे की ते जवळजवळ स्थिर होतात. मग किरण बंद करायचे. अणू खाली पडतात आणि ते किती वेगाने पडले हे दुसऱ्या लेसरने मोजायचं. खाली जितकं वस्तुमान जास्त तितकी पृथ्वीची ओढ जास्त, आणि तितके अणू किंचित लवकर पडतात. जमिनीखाली एक मीटर जाडीचा पाण्याचा थर वाढला तर ही ओढ साधारण सव्वादोन कोटींतल्या एका हिश्श्याने वाढते. एवढासा फरक जलतुलेला कळायचा. दगड जागचा हलत नाही. त्यामुळे एकाच ठिकाणी दर पंधरवड्याला मोजलं तर येणारा फरक पाण्याचाच असणार.

अडचण एकच होती. चंद्र आणि सूर्य यांचीही ओढ अणूंवर असते आणि ती पाण्याने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठी असते. ती आधी वजा करावी लागायची. मग उरलेल्या आकड्यांची पंधरा दिवसांची सरासरी काढायची. यासीनचा प्रोग्राम हे सगळं आपोआप करायचा.

घवाळी गुरुजींनी पहिल्या दिवशी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते निवृत्त शिक्षक आणि गावचे सरपंच. सत्तरीला आलेले, उंच, अंगाने काटक.

"म्हणजे विहीर न खणता तुम्ही खालच्या पाण्याचं वजन करणार," ते म्हणाले.

"हो, गुरुजी," हेमांगी म्हणाली.

"मग आम्ही सात बोअरवेल कोरड्या मारल्या, त्याच्या आधी का नाही आलात?"

यासीन हसला. गुरुजी हसले नाहीत, पण त्यांनी दोघांसाठी कोकम सरबत मागवलं.

ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत हेमांगी आणि यासीन सड्यावरच्या एकतीस जागी पाण्याचं वजन करत फिरले. नकाशा हळूहळू उमटत गेला. पाणी सगळीकडून सारखं कमी होत नव्हतं. ते सड्याच्या मधोमध एका अरुंद पट्ट्यात गोळा होत होतं आणि तिथून पश्चिमेला सरकत होतं. जमिनीखाली जणू एक नदीच होती, जांभ्यातल्या नैसर्गिक बोगद्यांतून वाहणारी. दोघं त्या पट्ट्याच्या मागे निघाले. रोज दोनशे मीटर पुढे जायचं, यंत्र ठेवायचं, मोजायचं. नवव्या दिवशी पट्टा सड्याच्या कड्याशी आला. खाली समुद्र होता, आणि कड्याच्या पायथ्याशी माडांमध्ये वीस-बावीस घरं.

हेमांगी यंत्राच्या पेटीवर बसली.

"काय झालं?" यासीनने विचारलं.

"ती खारवाडी आहे," ती म्हणाली. "त्या निळ्या पत्र्याच्या घरात माझा जन्म झाला."

हेमांगीची आई शेवंती त्या घरात एकटी राहायची. वय अठ्ठावन्न. समुद्रातल्या खडपांवरची, म्हणजे खडकांवरची, कालवं काढून विकणं हा तिचा धंदा. तिच्याबरोबर वाडीतल्या आणखी दहा बायका होत्या. ओहोटी लागली की अकराजणी हातात कोयती आणि पाटी घेऊन खडपांवर उतरायच्या. इथली कालवं रत्नागिरीच्या हॉटेलांपासून कोल्हापूरपर्यंत जायची, कारण ती मोठी होती आणि चवीला जराशी गोड होती. हेमांगीचं शिक्षण त्यांच्यावरच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला हेमांगी आणि यासीन शेवंतीबरोबर खडपांवर गेले. एका भेगेपाशी थांबून शेवंतीने ओंजळ भरली आणि लेकीपुढे धरली.

"चाख गो."

हेमांगीने चाखलं. चहूकडे समुद्र असताना ओंजळीतलं पाणी जवळपास गोडं होतं.

"तुला हे माहीत होतं?"

"माझ्या सासूलाही माहीत होतं. पलीकडच्या नदीचं पाणी वाळूखालून येतं हे. म्हणून तर इथली कालवं अशी भरतात."

"नदीचं नाही, आई. वरच्या सड्याचं आहे. आम्ही चार महिने ह्याच पाण्याच्या मागे आहोत."

शेवंतीने मान वर करून कड्याकडे बघितलं. "माळंग्याचं पाणी? अगो बाय. आणि ती माणसं वर तहानेनं मरतायत." मग तिला हसू आलं. "माझी सासू त्या नदीला दरवर्षी नारळ द्यायची. चुकीच्या पत्त्यावर गेले सगळे."

यासीनने तिला यंत्र समजावून सांगितलं. चंद्राची ओढ वजा करावी लागते, हेही सांगितलं. शेवंतीने ते नीट ऐकलं.

"चंद्राला वजा करता? का बाबा?"

"तो मध्येमध्ये येतो, मावशी. आकडे बिघडवतो."

"आमचं तर सगळंच त्याच्यावर चालतं," शेवंती म्हणाली आणि वाकून कामाला लागली.

अहवाल लिहायला हेमांगीला सहा आठवडे लागले. तेवढ्या काळात जलतुला कड्याजवळच्या तीन जागी पाळीपाळीने पंधरा-पंधरा दिवस मोजत राहिली. उपाय तिला पहिल्याच दिवशी दिसला होता. कड्यापासून आठशे मीटरवर, काळ्या पाषाणाच्या दोन भिंतींच्या मधून हे भूमिगत पाणी जात होतं. तो गळा फक्त बेचाळीस मीटर रुंद होता. तिथे ओळीने भोकं पाडून त्यांत माती-सिमेंटचं मिश्रण दाबून भरलं की जमिनीखाली एक भिंत तयार होईल. असे भूमिगत बंधारे जगभर बांधले जातात. पाणी अडेल, मागे तुंबेल, आणि माळंग्याच्या विहिरींत मे महिन्यातही वीस हात पाणी राहील. वर काही दिसणार नाही, कोणाची जमीन बुडणार नाही.

आणि खडपांवरचं गोडं पाणी थांबेल.

हेमांगीला हे माहीत होतं. माळंग्यात अकराशे माणसं होती, खडपांवर अकरा बायका. हे दोन आकडे ती मनात पुन्हा पुन्हा शेजारी ठेवायची आणि दर वेळी उत्तर एकच यायचं. शेवटी तिने अहवालाच्या सेहेचाळीसाव्या पानावर एक वाक्य लिहिलं: "किनाऱ्यावरील झऱ्यांवर होणाऱ्या परिणामांचा यथावकाश स्वतंत्र अभ्यास करावा." यासीनने ते वाचून तिच्याकडे बघितलं.

"यथावकाश म्हणजे कधी?"

"मला माहीत नाही."

"मावशींशी बोललीस?"

"बोलते," ती म्हणाली, आणि बोलली नाही. अहवाल गेला. मार्चमध्ये मंजुरी आली. एप्रिलमध्ये काम सुरू करायचं ठरलं.

ती बोलली नाही, पण गुरुजी बोलले. मंजुरीचं पत्र मिळाल्यावर ते आनंदाने थेट खारवाडीत उतरले. ज्या मुलीने गावाचं पाणी शोधलं तिच्या आईला भेटावं, चार नारळ द्यावेत, एवढाच हेतू. योगायोगाने हेमांगीही त्या दिवशी घरी होती. शेवंतीने गुरुजींना कालवांची आमटी आणि भात वाढला. दोन घास खाऊन गुरुजी म्हणाले, "तुमच्या लेकीचे उपकार आहेत बघा, बाई. समुद्रात फुकट जाणारं पाणी आता थेंबभरसुद्धा जायचं नाही."

शेवंतीचा हात वाटीवर थांबला. तिने हेमांगीकडे बघितलं. हेमांगीने खाली बघितलं.

"बरं झालं," शेवंती म्हणाली. "अजून भात घ्या, गुरुजी."

गुरुजी गेल्यावर तिने भांडी घासली, मग अंगण झाडलं. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागली तेव्हा हेमांगीला राहवलं नाही.

"आई, बोल काहीतरी."

"काय बोलू? माणसांना पाणी नको म्हणू?" शेवंतीने केरसुणी भिंतीला टेकवली. "नाय म्हटलं नसतं मी, हेमा. पण विचारायचं होतंस. तुझ्या त्या कागदात मी कुठे होते?"

"सेहेचाळीसाव्या पानावर."

"नाव होतं माझं?"

"नाही."

शेवंती आत गेली. तिने दार लावून घेतलं नाही. हेमांगीला वाटलं, लावलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती रत्नागिरीला ऑफिसात पोचली. यासीन नुकताच येऊन बसला होता.

"खडपांवर किती पाणी येतं आणि कधी येतं, हे आपण मोजलंच नाही," ती म्हणाली. "सड्यावरून किती जातं तेवढंच मोजलं. कड्याजवळच्या शेवटच्या तीन जागांचे आकडे काढ."

"ते तू शंभरदा पाहिलेयस."

"चंद्र वजा न केलेले."

यासीनने कच्चे आकडे काढले. चंद्राची स्वतःची ओढ किती, हे सूत्राने नेमकं काढता यायचं. तेवढीच बाजूला ठेवली, पण पंधरा दिवसांची सरासरी मात्र घेतली नाही. पडद्यावर तासातासाची रेषा उमटली. रेषा सरळ नव्हती. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास तिच्यात खोल खळगे पडत होते, मधल्या दिवसांत ती जवळजवळ सपाट होती. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खूप खोल जाते, समुद्राचा दाब उतरतो आणि जमिनीखालचं पाणी जोराने बाहेर धावतं. त्याच वेळी खडपं उघडी असतात, त्यामुळे ते पाणी थेट कालवांवरून वाहतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, खडपं बुडलेली राहतात. तेव्हाही थोडं पाणी येतच असतं, पण गोडं पाणी हलकं असल्यामुळे ते वर तरंगतं आणि वाऱ्याबरोबर निघून जातं. कालवांना त्याचा उपयोग नसतो.

सरासरी काढताना हे सगळं पुसलं गेलं होतं.

"महिन्यातले बहुतेक दिवस कालवांना हे पाणी लागतच नाही," हेमांगी म्हणाली.

"आणि मी चार महिने चंद्राला शिव्या देत होतो," यासीन म्हणाला.

तिने तिथूनच आईला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली. शेवंतीने फोन घेतला तेव्हा हेमांगीने प्रस्तावना न करता विचारलं, "कालवं कधी भरतात? कोणत्या दिवसांत?"

पलीकडे पाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शेवंती म्हणाली, "उधाणाच्या मागून. दोन दिवस गोडं पाणी लागलं की तिसऱ्या दिवशी फोडून बघ, दुधासारखं असतं. भांगात काढली तर रोड लागतात. हे तू लहानपणी माझ्याबरोबर येऊन बघितलंयस. विसरलीस होय?"

"विसरले होते," हेमांगी म्हणाली.

मार्च अखेरीला माळंग्याच्या ग्रामसभेत हेमांगी उभी राहिली. गावात उरलेल्यांपैकी दीडशे-दोनशे माणसं शाळेच्या पटांगणात बसली होती. तिच्या शेजारी शेवंती होती, नवं लुगडं नेसलेली. सड्यावर ती वीस वर्षांनी आली होती.

"माझा अहवाल अर्धा होता," हेमांगी म्हणाली. "चूक माझी आहे. बंधारा बांधायचाच. पण त्याला झडपा हव्यात, म्हणजे ठरावीक दिवशी थोडं पाणी खाली सोडता येईल. खालच्या वाडीतल्या अकरा घरांचं पोट त्या पाण्यावर आहे. बंधाऱ्याचा नकाशा बदलायला मला दोन आठवडे लागतील."

पटांगणात कुजबुज वाढली. गुरुजी उठले. त्यांचा आवाज मुलांना ओरडायच्या आधी जसा होत असेल तसा झाला होता.

"माझी सून आठ दिवसांपूर्वी नातीला घेऊन माहेरी गेली. पोरीने जाताना मला विचारलं, आबा, यंदा शेवटचं ना? मी हो म्हणून सांगितलं. बंधाऱ्यात भोक ठेवणार असाल तर मी तिला काय सांगू?"

हेमांगी उत्तर द्यायला गेली, पण शेवंतीने तिचा दंड धरला आणि स्वतः पुढे झाली.

"गुरुजी, मला सगळं पाणी नको. माझ्या वेळेला हवं तेवढंच हवं. महिन्यातले आठ दिवस."

"आठ?" गुरुजी म्हणाले. "हेमांगीताई, एक दिवस पाणी सोडलं तर विहिरीत किती उतरेल?"

"एक वीत."

"म्हणजे महिन्याला आठ विती. पावसाळ्यापर्यंत चार महिने धरा. बत्तीस विती, म्हणजे सोळा हात. वीस हातांतले सोळा तुम्हीच नेणार, बाई. दोन दिवस घ्या."

"दोन दिवसांत कालवांचं तोंडसुद्धा उघडत नाय. सहा."

"तीन."

"गुरुजी, चाळीस वर्षं बाजारात बसतेय मी. आठ सांगते तेव्हा मला किती हवे असतात ते तुम्ही ओळखा."

पटांगणात मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. गुरुजींची बायको पुढच्या रांगेत बसली होती. ती म्हणाली, "अहो, चार म्हणा आणि बसा खाली. त्यांना चारच हवेत."

शेवंतीने पहिल्यांदाच त्या बाईकडे नीट बघितलं आणि मान डोलावली. "ह्यांना कळतं."

"चार दिवस, म्हणजे आठ हात," गुरुजी पुटपुटले. "बारा हात उरतं." त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा मनात घोळवला. आजवर मे महिन्यात त्यांच्या विहिरीत हातभर पाणीही राहिलं नव्हतं. "बारा हात चालेल," ते म्हणाले, आणि मग सगळं पटांगण हसायला लागलं, कारण गुरुजी खाली बसायच्या आधीच त्यांच्या बायकोने शेवंतीसाठी सतरंजीवर जागा केली होती.

घरी परतताना उतारावर शेवंती म्हणाली, "त्यांनी पाच म्हटलं असतं तर मी पाच घेतले असते."

"मला वाटलंच," हेमांगी म्हणाली. आई हसली. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदा.

बंधारा मे महिन्याच्या अखेरीस पुरा झाला. बेचाळीस मीटरची भिंत जमिनीखाली उभी राहिली. वर फक्त सिमेंटची एक छोटी खोली आणि तिच्यात झडप उघडायचं लोखंडी चाक. पावसाळाभर झडप उघडी ठेवली होती. दिवाळीत ती बंद केली. जलतुलेवर सड्याखालच्या पाण्याचं वजन वाढायला लागलं आणि वाढतच राहिलं. विहिरी दिवाळीला भरलेल्या होत्याच, पण या वेळी नाताळातही भरलेल्या होत्या. माळंग्यातली माणसं सकाळी उठून विहिरीत डोकावून यायची. कामासाठी नाही, नुसतंच बघायला.

आता एकच गोष्ट उरली होती. झडप उघडल्यावर पाणी खडपांपर्यंत कधी पोचतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. ओहोटीच्या आधी पोचलं तर समुद्रात विरणार, नंतर पोचलं तर भरती गिळणार. ते कालवांवर यायला हवं ते नेमकं खडपं उघडी असताना. यासीनने गणित मांडून सांगितलं की सहा तास लागतील. हेमांगीने बोगद्यांचा उतार बघून तीन तास सांगितले.

पौष पौर्णिमेला पहिली चाचणी ठरली. ओहोटीचा तळ संध्याकाळी साडेपाचला होता. दोघांच्या अंदाजांचा मध्य धरून गुरुजींनी दुपारी एकला चाक फिरवलं. सड्यावर यासीन जलतुला घेऊन बसला, आणि माळंग्यातली पन्नासएक माणसं कडा उतरून खारवाडीत आली. त्यांतल्या कित्येकांनी समुद्र इतका जवळ असूनही खडपं कधी पाहिली नव्हती. अकराजणींनी त्यांना कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही ते सांगितलं. तरी दोघंजण घसरून पाण्यात बसलेच.

चार वाजले. हेमांगीने भेगेत क्षारता मोजणारा संवेदक ठेवला होता. आकडा समुद्राचाच. साडेचार झाले. समुद्र मागे मागे सरत होता, खडपं उघडी पडत होती. शेवंती भेगेजवळ उकिडवी बसली होती आणि अधूनमधून बोट बुडवून चाखत होती.

"काय, बाई?" गुरुजींच्या बायकोने विचारलं.

"खारट."

पाच वाजायला आले. हेमांगीच्या फोनवर यासीनचा आवाज आला. तो घाईघाईने बोलत होता. "कड्याजवळचं वजन वाढलंय. आत्ताच. पाणी तुझ्या डोक्यावर आलंय, हेमांगी. येतंय खाली."

हेमांगीने संवेदकाकडे बघितलं. आकडा एका ठिकाणी थरथरला आणि उतरायला लागला. तिने तोंड उघडायच्या आत शेवंतीने ओंजळ भरून घेतली, चाखली आणि गुरुजींच्या बायकोपुढे धरली. त्या बाईने चाखलं. तिचे डोळे मोठे झाले.

"हे तर आमच्या विहिरीचं पाणी," ती म्हणाली.

मग प्रत्येकाला चाखायचं होतं. माणसं वाकून ओंजळी भरत होती, एकमेकांना देत होती. कोणीतरी मोबाइलवर वरच्या लोकांना दाखवत होतं. भेगेतून येणारं पाणी आता डोळ्यांनाही दिसत होतं. खाऱ्या पाण्यात ते तुपासारखं हलत होतं आणि कालवांच्या खरबरीत पाठींवरून पसरत होतं. हेमांगी खडपावर बसून हे बघत राहिली. तिच्या शेजारी शेवंती येऊन बसली.

"चार तास लागले," हेमांगी म्हणाली. "आम्ही दोघंही चुकलो."

"आता कळलं ना," शेवंती म्हणाली आणि लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पुढच्या दोन उधाणांत आकडे पक्के झाले. दिवसभर झडप उघडी ठेवायची गरजच नव्हती. बरोबर वेळेला सोडलं तर तीन तास पुरत होते. वीतभर उतरायचं तिथे विहीर दोन बोटंसुद्धा उतरेना. गुरुजींना बारा हातांचं वचन मिळालं होतं. मे महिन्यात त्यांच्या विहिरीत सतरा हात पाणी होतं. त्या वर्षी माळंग्यातल्या एकाही घराला कुलूप लागलं नाही. गुरुजींची नात उन्हाळाभर गावात राहिली, आणि सुनेने मागच्या दारी अळू आणि भेंडी लावली. मे महिन्यात सड्यावर भेंडीला फुलं आलेली कोणी पाहिली नव्हती.

हेमांगीने अहवाल पुन्हा लिहिला. या वेळी पहिल्याच पानावर संशोधकांची नावं होती: हेमांगी तांडेल, यासीन परकार, शेवंती तांडेल. शेवंतीने तो कागद हेमांगीकडून एकदा वाचून घेतला, दुसऱ्यांदा वाचायला लावला आणि मग शेजारणीला दाखवायला घेऊन गेली. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या तीन गावांनी हेमांगी-यासीनला बोलावलं तेव्हा आवर्जून विचारलं की तिसऱ्या संशोधक बाईपण येणार ना.

यासीनने झडपेसाठी एक यंत्रणा तयार केली. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ती चाक आपोआप फिरवणार होती, कोणी जायची गरज नव्हती. गुरुजींनी ती बघितली, तिचं कौतुक केलं आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवून दिली.

"चांगली आहे," ते म्हणाले. "पण आम्हाला जमतंय."

वैशाख अमावस्येच्या दुपारी हेमांगी खारवाडीत जेवायला बसली होती. एक वाजायला पाच मिनिटं होती. शेवंतीचा फोन वाजला. तिने ओला हात पदराला पुसला आणि फोन घेतला.

"बाई, सोडू का?" गुरुजी विचारत होते.

शेवंतीने दारातून समुद्राकडे बघितलं. वारा पडला होता, पाणी निवळ होतं.

"सोडा," ती म्हणाली. "आणि वहिनींना खाली पाठवा. परवा कालवं फोडायची आहेत, त्यांनाच पहिलं बघू दे."